नवानगरचे बापू

बेथलेहेमच्या उतारशाळेत मरीया व योसेफ यांना जागा मिळाली नाही, ही नाताळाची कथा वाचताना आम्हांस जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचे स्मरण होते. क्रिकेटपटू रणजितसिंहजींचे हे पुतणे १८९५ साली जन्मले व १९३३ साली नवानगरच्या गादीवर आले. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडातील असंख्य कुटुंबे सैबेरियाकडे हद्दपार केली. त्यांतील पोरकी मुले उपासमारीने व रोगराईने खंगून गेली होती. १९४२ साली, हिंदुस्थान स्वतःच परतंत्र असताना, जामसाहेबांनी समुद्रकाठी बालाचडी येथे, आपल्या उन्हाळी प्रासादानजीक, शेकडो मुलांसाठी वसाहत उभारली. यापुढे आपणच त्यांचे बापू, असे त्यांनी मुलांना सांगितले. अन्नछत्रे घालणारे पुष्कळ असतात. परंतु या मुलांची भाषा, शाळा व ख्रिस्ती उपासना त्यांनी जशीच्या तशी राखू दिली, यातच आम्हांस त्यांचे मोठेपण दिसते. मुलांनी पालकाची भाजी नाकारली, तेव्हा ती रांधणेच त्यांनी बंद करविले, अशी आठवण तेथे वाढलेली मंडळी सांगत. १९४६ साली वसाहत मिटली आणि उरलेली मुले आपल्या कोल्हापूरनजीकच्या वळिवडे येथील पोलिश छावणीत आली. जामसाहेब १९६६ साली निवर्तले. वॉर्सॉतील एक चौक आज ‘भल्या महाराजा’च्या नावाने ओळखला जातो.