जॉर्ज बर्कली : पाहणाऱ्यावाचून रंग



दुकानातील दिव्यांखाली निवडलेली साडी घरी उन्हात धरली, की तिची छटा वेगळीच दिसते, हा अनुभव तुम्हांला असेल. मग साडीचा खरा रंग कोणता? आणि बंद कपाटात कोणीही पाहत नसताना तिला रंग असतो काय? हा प्रश्न ज्याने शेवटपर्यंत नेला, त्या जॉर्ज बर्कलीचा परिचय आता करून घेऊ.

बर्कलीचा जन्म १६८५ साली आयर्लंडमधील किल्केनी परगण्यात झाला. पंधराव्या वर्षी तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला आणि १७०७ मध्ये तेथेच फेलो झाला. त्या काळी विद्वानांवर जॉन लॉकच्या विचारांचा पगडा होता. आकार, गती, घनता हे गुण पदार्थात खरोखरच असतात. रंग, चव, गंध हे मात्र पदार्थामुळे पाहणाऱ्याच्या मनात उमटणारे परिणाम होत, अशी विभागणी लॉकने मांडली होती. म्हणजे कपाटातील साडीला लांबीरुंदी आहे, पण लाली नाही.

तरुण बर्कलीला ही विभागणी पटली नाही. प्रकाश बदलला की रंग बदलतो, म्हणून रंग मनातला म्हणावयाचा, तर ताटाचे काय? वरून गोल दिसणारे ताट बाजूने लंबगोल दिसते. मग आकारही मनातलाच ठरतो. शिवाय कोणताही रंग नसलेला आकार तुम्ही डोळ्यांपुढे आणू शकता का, हे एकदा करून पाहा. रंग आणि आकार एकतर दोन्ही खरे, नाहीतर दोन्ही मनाधीन. १७१० साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, मानवी ज्ञानाच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथात त्याने निर्वाळा दिला, की वस्तूचे असणे म्हणजे तिचे जाणवणे होय.

येथे एक गैरसमज टाळावा. जग हा भास आहे, असे बर्कलीचे म्हणणे नव्हते. उलट, झाडाचा हिरवेपणा झाडाला परत मिळवून देत आहोत, अशी त्याची भूमिका होती. त्याने नाकारले ते या हिरवेपणामागे दडलेले, कोणालाही कधीच न जाणवणारे जडद्रव्य. बोस्वेलने नोंदविल्याप्रमाणे डॉ. जॉन्सनने दगडाला लाथ मारून त्याचे खंडन केले; परंतु पायाला झालेली वेदना ही संवेदनाच होती, हे जॉन्सनच्या ध्यानी आले नसावे!

मग कोणी पाहत नसताना झाड कोठे जाते? ईश्वर सदैव पाहत असतो, हे बर्कलीचे उत्तर. तो धर्मोपदेशक होता. रंगहीन, स्वयंपूर्ण जडसृष्टीला ईश्वराची गरज उरणार नाही, ही त्याची खरी चिंता होती. मात्र त्याच्या युक्तिवादातील सर्वांत डळमळीत पायरी हीच, असे वाटते.

त्याचा १७०९ चा दृष्टिविषयक ग्रंथ अधिक भक्कम ठरला. जन्मांधाला दृष्टी आली, तर स्पर्शाने ओळखीचे असलेले घन आणि गोल त्याला नुसते पाहून ओळखता येतील का, हे कोडे डब्लिनच्याच विल्यम मॉलिन्यूने लॉकला घातले होते. बर्कलीचे उत्तर नकारार्थी होते : दिसणे आणि स्पर्शणे यांचा मेळ अनुभवानेच बसतो. १७२८ मध्ये लंडनचे शल्यवैद्य चेसेल्डन यांनी मोतीबिंदू काढलेल्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या मुलाला आरंभी आकार ओळखता येत नव्हते. दिसणारी प्रत्येक वस्तू डोळ्यांना टेकली आहे, असे त्याला वाटे. बर्कलीने १७३३ मध्ये या हकिकतीचा आवर्जून दाखला दिला.

उर्वरित आयुष्य थोडक्यात. बर्म्युडात महाविद्यालय काढण्याच्या योजनेसाठी तो १७२९ मध्ये अमेरिकेत न्यूपोर्टला पोहोचला. इंग्लंडहून कबूल झालेले वीस हजार पौंड आलेच नाहीत आणि १७३१ मध्ये तो परतला. तेथील मळ्यासाठी त्याने गुलाम विकत घेतले होते. म्हणून २०२३ मध्ये ट्रिनिटीने आपल्या ग्रंथालयाला दिलेले त्याचे नाव काढून टाकले. १७३४ पासून तो क्लॉइनचा बिशप होता, आणि डांबराचे पाणी बहुतेक रोगांवर गुणकारी आहे, असे सांगण्यात त्याने बरीच शक्ती वेचली.

१७५३ च्या जानेवारीत ऑक्सफर्ड येथे त्याचे निधन झाले. जिवंतपणीच पुरले जाऊ नये, म्हणून त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते, की देह निदान पाच दिवस तसाच ठेवावा आणि त्याला दुर्गंधी येऊ लागल्यावरच पुरावा.