फौजेच्या घरची लेक : इव्हान्जेलीन बूथ



आपल्या नगरात बूथ हॉस्पिटलचे नाव ऐकले नाही अशी बाई सापडायची नाही. आपल्यापैकी कित्येकींची बाळंतपणे तिथे झाली. माझी धाकटी मुलगीही तिथलीच. २०२० साली कोरोनाच्या साथीत घरची माणसेसुद्धा जवळ यायला धजत नव्हती, तेव्हा या दवाखान्याने रोग्यांची सेवा केली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण हे बूथ म्हणजे कोण, हा विचार मात्र माझ्या मनात कधी आला नव्हता. यंदा स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असे ठरले, तेव्हा म्हटले, दूरची कशाला, जिचे नाव रोज घेतो तिचीच ओळख करून घेऊ.

इव्हान्जेलीन बूथ यांचा जन्म लंडन शहरात २५ डिसेंबर १८६५ रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी झाला. आठ भावंडांत त्या सातव्या. घरात त्यांना इव्हा म्हणत. वडील विल्यम बूथ हे धर्मोपदेशक आणि आई कॅथरीन याही तितक्याच तोलामोलाच्या. त्या काळी बायकांनी प्रार्थनामंदिरात उभे राहून उपदेश करणे लोकांना पसंत नव्हते, तरी कॅथरीनबाई उपदेश करीत. इव्हा जन्मली त्याच वर्षी या दांपत्याने लंडनच्या पूर्व भागातील गरीब वस्तीत काम सुरू केले. दारूने उद्ध्वस्त झालेले संसार, उपाशी मुले, रस्त्यावर आलेल्या बायका, अशांसाठी ते काम होते.

सन १८७८ मध्ये या कामाला साल्व्हेशन आर्मी असे नाव मिळाले. आपल्याकडे तिला मुक्तिफौज म्हणतात. नावाप्रमाणे सारी व्यवस्था लष्करी. मुख्याला जनरल म्हणायचे, खाली कर्नल, कॅप्टन, मग साधे शिपाई. गणवेश, निशाण, बँड सर्व काही, फक्त हाती शस्त्र नाही. हुकूम आला की बिऱ्हाड उचलायचे आणि सांगतील तिथे जायचे, हा शिरस्ता. तेव्हा इव्हाचे माहेर म्हणजे एक छावणीच होती म्हणा ना! वडिलांना घरातसुद्धा जनरल म्हणत.

तारुण्यात पाऊल टाकताच इव्हा कामाला लागली. लंडनच्या वाईट वस्त्यांत जाऊन ती आजाऱ्यांची शुश्रूषा करी आणि फाटके कपडे घालून फुले विकणाऱ्या मुलींत मिसळे. लोक दगड मारीत, चिखल फेकीत. टॉर्की या गावी रविवारी वाजतगाजत मिरवणूक काढण्यास बंदी होती, ती मोडली म्हणून मुक्तिफौजेची माणसे तुरुंगात जात होती. वडिलांनी तिला तिथे पाठविले आणि पुढे तो कायदा रद्द झाला. जिथे संकट असेल तिथे इव्हाला पाठवा, असे जनरलांचे तेव्हापासून होऊन गेले.

तिची थोरली बहीण एमा हिची कथा तर आपल्या देशाशी जोडलेली आहे. फ्रेडरिक टकर नावाचे गृहस्थ हिंदुस्थानात मोठ्या सरकारी हुद्द्यावर होते. ती नोकरी सोडून ते मुक्तिफौजेत गेले आणि सन १८८२ मध्ये तीन सोबत्यांसह मुंबईस उतरले. त्यांनी आपला हिंदी वेष केला, फकीरसिंग असे नाव घेतले आणि अनवाणी गावोगाव फिरले. मुंबईत मिरवणुकीच्या कारणाने त्यांना तुरुंगवासही घडला. त्यांची पहिली पत्नी सन १८८७ मध्ये वारली. पुढल्या वर्षी एमाने त्यांच्याशी लग्न केले आणि ती हिंदुस्थानात आली. त्याच वर्षी तिच्या आईला कर्करोग झाल्याचे कळले होते. आई आजारी आणि लेक सातासमुद्रापार, ही कल्पना आपण बायकाच करू शकतो. कॅथरीनबाई सन १८९० मध्ये वारल्या.

सन १८९६ मध्ये याहून कठीण प्रसंग आला. भाऊ बॅलिंग्टन अमेरिकेतील काम पाहत होता. त्याचे वडिलांशी बिनसले आणि त्याने पत्नीसह मुक्तिफौज सोडली. तेव्हा फौज फुटू नये म्हणून न्यूयॉर्कला इव्हाला पाठविण्यात आले. सख्ख्या भावाच्या विरुद्ध बहिणीला उभे राहावे लागले. घर मोडले, पण फौज राहिली. मग अमेरिकेचे काम एमा आणि तिच्या यजमानांकडे गेले व इव्हान्जेलीनबाईंची नेमणूक कॅनडात झाली.

पुढे २८ ऑक्टोबर १९०३ रोजी एमा फौजेच्या कामावरून आगगाडीने परत येत असताना मिसुरी प्रांतात अपघात झाला आणि ती गेली. वय अवघे त्रेचाळीस. तिचे यजमान शिकागोला तिची वाट पाहत होते. मागे सहा मुले पोरकी झाली. पुढच्या वर्षी इव्हान्जेलीनबाईंना हुकूम आला, की अमेरिकेचे काम सांभाळा. ज्या जागेवर बहीण होती तीच जागा! मनात काय झाले असेल? पण त्या गेल्या आणि तीस वर्षे तिथे राहिल्या. त्यांनी लग्न केले नाही. काही पोरकी मुले मात्र आपली म्हणून वाढविली.

पहिल्या महायुद्धात सन १९१७ मध्ये अमेरिका उतरली, तेव्हा लाखो मुलगे फ्रान्सच्या रणभूमीवर गेले. इव्हान्जेलीनबाईंनी ठरविले, की आपल्या बिनशस्त्र फौजेने खऱ्या फौजेच्या मुलांची काळजी घ्यायची. पैसा नव्हता, तो कर्ज काढून उभा केला. निवडक स्त्रिया व पुरुष फ्रान्सला पाठविले. तोफांचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ या बायका राहत. पाऊस, चिखल, अपुरे सामान. मुलांना घरचे काहीतरी खायला द्यावे म्हणून त्यांनी मैद्याचे गोड कडे तळायला घेतले. त्याला डोनट म्हणतात. आपल्या गुलगुल्याच्या जातीचेच, पण मध्ये भोक. लाटणे मिळेना तर बाटलीने लाटले. थंडीत कुडकुडणारी मुले त्या कढईपुढे रांगा लावून उभी राहत.

नुसते खाणे नव्हे. तुटलेली बटणे लावून देणे, फाटलेले शिवणे, आईला पत्र लिहायला बसविणे, ज्याला लिहिता येत नसेल त्याचे पत्र लिहून देणे, ही कामे त्या करीत. जो परत येणार नाही त्याच्या थडग्यावर फुले वाहत. या कामाबद्दल सन १९१९ मध्ये अमेरिकन सरकारने इव्हान्जेलीनबाईंना मोठे लष्करी पदक दिले.

मला मात्र त्यांची दुसरीच एक गोष्ट अधिक भावली. सन १९३० मध्ये त्यांनी मुक्तिफौजेतील अधिकाऱ्यांच्या मातांसाठी चांदीच्या ताऱ्याचा मान सुरू केला. मुलगा किंवा मुलगी सेवेसाठी घर सोडून जाते, तिचे नाव होते, पण जिने ते मूल देऊन टाकले त्या आईची दखल कोण घेतो? सन १९३६ पासून हा मान जगभर मिळू लागला. स्वतःच्या आईला, बहिणीला, एमाच्या पोरक्या मुलांना पाहिलेल्या बाईलाच हे सुचावे.

त्यांच्या आयुष्यात सारे गोड होते असे मात्र कोणी समजू नये. सन १९२९ मध्ये थोरले बंधू ब्रॅमवेल जनरल होते आणि फार आजारी होते. जनरलने आपला वारस आपणच नेमू नये, तो निवडून यावा, असे इव्हान्जेलीनबाईंचे मत. फौजेच्या मंडळाने ब्रॅमवेल यांना पदावरून दूर केले आणि त्याच वर्षी ते वारले. बहिणीला याचे दुःख झाले नसेल का? पण घराण्याची गादी चालवायची नाही, या मतावर त्या ठाम राहिल्या. पुढे सन १९३४ मध्ये त्या स्वतः निवडून आल्या आणि मुक्तिफौजेच्या पहिल्या स्त्री जनरल झाल्या. तेव्हा त्यांचे वय अडुसष्ट होते. सन १९३९ पर्यंत त्यांनी ते पद भूषविले. १७ जुलै १९५० रोजी अमेरिकेत त्यांचे देहावसान झाले.

प्रभू येशूने आपला जीव दिला, तेव्हा आपणही काही दिले पाहिजे, ही त्यांची श्रद्धा. त्या श्रद्धेने त्यांना बळ दिले. पण श्रद्धा असली म्हणून ताटातूट कमी दुखते असे नाही, हेही त्यांच्या चरित्रावरून कळते.

आपले नगर छावणीचे गाव. भिंगारकडे गेले की रणगाडे आणि जवान दिसायचेच. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांतला एक तरी मुलगा लष्करात आहे. सन १९९९ मध्ये कारगिलचे युद्ध चालू होते, तेव्हा माझे थोरले बंधू सरहद्दीवर होते. आई दोन महिने दुपारची झोपली नाही, पोस्टमन येण्याच्या वेळी ओट्यावर बसून राही. सायकलची घंटा वाजली की तिचा चेहरा पांढरा पडे. दादा सुखरूप परत आले. गावाने त्यांना हार घातले, पेढे वाटले. आई स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटत होती. तिच्या गळ्यात कोणी हार घातला नाही आणि आम्हा मुलांनाही ते सुचले नाही. आज ती नाही. इव्हान्जेलीनबाईंच्या चांदीच्या ताऱ्याविषयी वाचले, तेव्हा मला तो ओटा आठवला आणि डोळे भरून आले.

आपले मंडळ दरवर्षी राखीपौर्णिमेला जवानांना राख्या पाठविते, ते चांगलेच आहे. यंदापासून आपल्या आळीत ज्यांचा मुलगा, ज्यांचे यजमान फौजेत आहेत, त्या घरीही आपण जाऊ या. हळदीकुंकू असो, नाताळ असो की ईद, निमित्त कोणतेही चालेल. त्या माउलीजवळ घटकाभर बसू आणि तिला बोलते करू. बूथ हॉस्पिटलच्या पाटीवरून पुढच्या वेळी नजर जाईल, तेव्हा एवढे आठवले तरी पुष्कळ झाले.