उतावळ्या वकिलाची गाठ जेव्हा संथ जंतूशी पडली: बाबा आमटे आणि आनंदवन

क्षयाचा जंतू साधारण २० तासांत दुप्पट होतो. कुष्ठरोगाच्या जंतूला त्यासाठी १२ ते १४ दिवस लागतात. तो शरीरात शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी २० वर्षेही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळ आनंदवन कसे उभे राहिले हे समजून घेताना हे आकडे ध्यानात ठेवावे लागतात. कारण मुरलीधर देविदास आमटे हा माणूस मुळात थांबणारा नव्हता.

२६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला जमीनदार घरात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी मोटार, शिकार आणि सिनेमाचे वेड. पुढे वकिली, १९४२ ची चळवळ, गांधीजींच्या सेवाग्रामची ओढ. १९४६ मध्ये इंदू घुले यांच्याशी, म्हणजे नंतरच्या साधनाताईंशी, लग्न झाले. वरोऱ्यात सर्व जातींच्या कष्टकऱ्यांनी एकत्र राहायचा श्रमाश्रम काढला, तो टिकला नाही. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे दुःख कळावे म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. प्रत्येक गोष्टीत सगळे बळ एकदम ओतायचे, असा हा स्वभाव.

मग एका पावसाळी संध्याकाळी तुळशीराम दिसला. रस्त्याकडेला पडलेला, बोटे झडलेली, अंगात किडे पडलेले. बाबा घाबरून पळाले. कशालाच न भिणारा म्हणून ओळखला जाणारा माणूस एका रोग्याला पाहून पळाला, ही बोच त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले, त्याच्यावर आडोसा केला आणि अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली.

घाई प्रयोगशाळेतही

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. उपचार शिकायला बाबा कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले. तिथे संशोधनासाठी त्यांनी कुष्ठरोगाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. धाडस मोठे होते, हाती मात्र काही लागले नाही. त्याचे कारण आज सहज कळते: बहुतेक माणसांत या जंतूला तोंड देण्याची उपजत ताकद असते. प्रयोगशाळेतल्या बशीत तर हा जंतू अजूनही वाढवता आलेला नाही.

आनंदवनाची सुरुवात १९५१ ची. सहा रोगी, खिशात १४ रुपये, एक लंगडी गाय, सोबत साधनाताई आणि विकास व प्रकाश ही दोन लहान मुले. सरकारने दिलेली जमीन खडकाळ आणि झुडपांची, साप-विंचवांची. पाण्याचा ठिपूस नाही. पहिले काम विहिरीचे. कुदळी होत्या, पण त्या धरणारे हात बधिर होते.

इथे थोडे थांबू. कुष्ठरोगाने बोटे आपोआप गळून पडतात असा समज आजही आढळतो. तो चुकीचा आहे. रोग मज्जातंतू निकामी करतो, त्यामुळे दुखणे कळत नाही. निरोगी माणसाच्या तळहाताला फोड आला की तो कुदळ खाली ठेवतो. बधिर हाताला फोड कळतच नाही. काम चालू राहते, फोड फुटतो, जखम हाडापर्यंत चिघळते आणि बोट जाते. म्हणजे जिद्दीने काम करणाऱ्याचेच नुकसान अधिक. म्हणून अशा रुग्णाला रोज हातपाय डोळ्यांनी तपासावे लागतात, न दुखताही मध्येच थांबावे लागते. भिकेऐवजी कामावर उभी राहिलेली ही वसाहत या अटीतच चालवायची होती.

औषधही संथच. त्या काळी डॅप्सोन हा मुख्य आधार, आणि गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागत. गेलेली संवेदना बहुधा परत येत नसे, त्यामुळे गुण येतोय हे रुग्णाला जाणवतही नसे. तरीही गोळी चुकवायची नाही, हे पुन्हा पुन्हा समजावणे हेच मोठे काम. सहा महिने ते वर्षभरात बरे करणारी बहुऔषध पद्धती १९८० च्या दशकात आली, तेव्हा आनंदवन तिशी ओलांडून गेले होते.

विहिरीला पाणी लागले, शेत पिकले, तर भाजी विकत घ्यायला कोणी तयार नाही. रोग्यांनी पिकवलेले कोण खाणार? पुढे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, तिथलेच जेवले, इमारती बांधू लागले. ते पाहून गावाची भीती हळूहळू ओसरली. १९६० च्या दशकात आनंदवनाच्या जमिनीवर महाविद्यालय उभे राहिले आणि लोक आपली मुले शिकायला तिथे पाठवू लागले. भाजी नाकारण्यापासून इथपर्यंत यायला एक तपाहून अधिक काळ गेला.

भामरागडच्या जंगलात

१९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातला हा भाग पावसाळ्यात महिनोन् महिने जगापासून तुटलेला असे. बाबांनी काम सुरू केले, पण तिथे राहिले ते डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी. दवाखाना होता, रोगी येत नव्हते. माडिया लोकांचा विश्वास बसेपर्यंत त्यांची भाषा शिकत राहणे एवढेच हातात होते. सुरू करणारा एक आणि टिकून राहणारे दुसरे, हे या घराचे बळ बाहेरच्यांच्या फारसे लक्षात येत नाही.

बाबांना थांबायला अखेर त्यांच्या मणक्यांनी लावले. बसणे अशक्य झाले. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच उरले. तरी डिसेंबर १९८५ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, तरुणांच्या सायकलींसोबत ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. बराचसा प्रवास गाडीत आडवे पडून. पाच वर्षांनी ते नर्मदाकाठी कसरावदला जाऊन राहिले, तेही अनेक वर्षे.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले. दहन झाले नाही. कुदळीला दाद न देणाऱ्या त्याच जमिनीत त्यांना पुरण्यात आले.