निंदकांची शाळा लिहिणारा शेरिडन

मधल्या सुटींत चार मुलें एकत्र बसलीं म्हणजे पांचव्याविषयीं गोष्टी निघतात, आणि त्या बहुधा त्याच्या स्तुतीच्या नसतात. वडील मंडळींतहि ही खोड असतेच. या खोडीवर इंग्रजी भाषेंतील एक उत्कृष्ट विनोदी नाटक लिहिणाऱ्या रिचर्ड ब्रिन्स्ले शेरिडन याचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

शेरिडनचा जन्म १७५१ सालीं डब्लिन शहरीं झाला. पिता नट व वक्तृत्वाचा शिक्षक. माता कादंबऱ्या व नाटकें लिहीत असे. हॅरोच्या शाळेंत असतांनाच, १७६६ सालीं, तो मातेस मुकला. शाळेंत त्याची गणना आळशी मुलांत होई. आम्हां शिक्षकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१७७० सालीं हें कुटुंब बाथ येथें राहावयास गेलें. तेथील विख्यात गायिका एलिझाबेथ लिन्ले हिला मॅथ्यूज नांवाचा एक विवाहित गृहस्थ सतावीत असे. त्याच्या जाचांतून सोडविण्यासाठीं शेरिडन तिला १७७२ मध्यें फ्रान्सला घेऊन गेला. मॅथ्यूजनें बाथच्या वर्तमानपत्रांत शेरिडनची उघड निंदा छापविली. त्यावरून दोघांत दोनदां द्वंद्वयुद्ध झालें व दुसऱ्या वेळीं शेरिडन जबर जखमी झाला. पुढील वर्षीं त्याचा एलिझाबेथशीं विवाह झाला. निंदेचा दंश कसा असतो, हें त्यास असें तरुणपणींच कळलें.

१७७५ च्या जानेवारींत त्याचें ‘द रायव्हल्स’ हें नाटक पहिल्याच रात्रीं पडलें. त्यानें हाय खाल्ली नाहीं. दोष काढून अकरा दिवसांनीं तें पुन्हां रंगभूमीवर आणलें आणि यश मिळविलें. पुढील वर्षीं ड्रूरी लेन नाटकगृहांतील गॅरिकचा हिस्सा त्यानें भागीदारांसह विकत घेतला, आणि तेथेंच ८ मे १७७७ रोजीं ‘द स्कूल फॉर स्कँडल’ प्रथम झालें.

या नाटकांत दोन भाऊ आहेत. जोसेफ तोंडानें नीतीचे धडे देतो व आंतून कपटी आहे. चार्ल्स उधळ्या, पण मनाचा उदार. हिंदुस्थानांत धन मिळवून परतलेला त्यांचा चुलता वेष पालटून दोघांची पारख करतो. चार्ल्स पूर्वजांचीं चित्रें विकतो. उपकारकर्त्या चुलत्याचें मात्र विकीत नाहीं. भोंवतीं निंदकांचा मेळा आहेच. न झालेल्या द्वंद्वयुद्धाची बातमी ते पसरवितात. एक म्हणतो तलवार लागली, दुसरा म्हणतो गोळी लागली, आणि इतक्यांत तो ‘जखमी’ गृहस्थ धडधाकट पायांनीं आंत येतो!

१७८० सालीं शेरिडन पार्लमेंटांत गेला. अयोध्येच्या बेगमांवर वॉरन हेस्टिंग्जनें जुलूम केला, या आरोपावर १७८७ च्या फेब्रुवारींत तो पांच तासांहून अधिक बोलला. हेस्टिंग्ज १७९५ मध्यें दोषमुक्त ठरला. तरी दूरदेशच्या स्त्रियांसाठीं उठलेला तो आवाज आपण विसरूं नये.

उत्तरायुष्य दुःखाचें गेलें. १७९२ मध्यें पत्नी निवर्तली. मद्य व कर्ज वाढत गेलें. १८०९ मध्यें नाटकगृह आगींत भस्म झालें. १८१२ मध्यें पार्लमेंटांतील जागाहि गेली, व सावकारांनीं गांठलें. ७ जुलै १८१६ रोजीं तो मरण पावला. त्याच्या प्रेतयात्रेस मोठमोठे उमराव आले व वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें त्याचें दफन झालें. चार्ल्सचीं कर्जें फेडणारा चुलता त्यानें नाटकांत निर्माण केला. त्याच्या स्वतःच्या संसारांत मात्र तसा कोणी आला नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, शेरिडनचा उधळेपणा तुम्ही घेऊं नका. पण त्याचें नाटक अवश्य वाचा. त्यांतील निंदकांस हंसतांना, कालच्या सुटींत आपण कोणाविषयीं काय बोललों, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें. आम्हींहि विचारूं.