आगगाडीत लाभलेला ग्रंथ

आज वर्षप्रतिपदा. प्रातःकाळी अभ्यंगस्नान करून गुढी उभारावी, कडुनिंबाचा कोवळा पाला भक्षण करावा आणि पंचांगाचे पूजन करून संवत्सरफल श्रवण करावे, ही आपली परंपरागत रीत. पर्जन्य किती, धान्य किती, हे सारे ऐकून होते. तथापि पुढे काय वाढून ठेवले आहे, ही रुखरुख मनातून जात नाही. पंचांग वर्षाचे फल सांगते. ते सोसण्याचे धैर्य मात्र मनुष्याला अन्यत्र शोधावे लागते. एका महाराष्ट्रीय ब्राह्मण कवीला ते ख्रिस्ती धर्मग्रंथात गवसले. ते कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचे चरित्र आज भाविक वाचकांपुढे ठेवीत आहे. टिळकही कीर्तनास उभे राहत. त्यामुळे या कीर्तनकाराला ते कधी परके वाटले नाहीत.

त्यांचा जन्म इ. स. १८६१ मध्ये कोकणातील करजगाव येथे झाला. मातृछत्र बालपणीच हरपले. पुढे नाशिक क्षेत्री गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. बुद्धी तेजस्वी, वाणी रसाळ; परंतु चित्ताला स्थैर्य नव्हते. आज एका गावी, तर उद्या दुसऱ्या. हाती आलेला पैसा संध्याकाळपर्यंत कोणा गरजवंताच्या पदरात पडलेला. लहान वयात घरात आलेल्या पत्नी लक्ष्मीबाई हा संसाराचा गाडा कसाबसा ओढीत होत्या. त्यातच अपत्यवियोगाचे दुःख उभयतांच्या वाट्याला आले. नागपुरास असताना टिळकांनी 'ऋषी' नावाचे नियतकालिक चालविले. देशाचा उद्धार करील असा नवा धर्मविचार मांडावा, अशी त्यांची तळमळ होती. मात्र इतरांस मार्ग दाखवू पाहणारे हे मन स्वतः अशांतच होते.

अशा मनःस्थितीत ते नागपुराहून राजनांदगावी आगगाडीने निघाले. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. संस्कृत काव्यावर उभयतांचे संभाषण रंगले आणि ओघाने ते धर्माकडे वळले. निरोप घेताना त्या गृहस्थांनी 'नवा करार' हा ग्रंथ टिळकांच्या हाती ठेवला, तो वाचण्याचे वचन घेतले आणि आपण दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. परंतु शब्द दिला होता. हाती शिसपेन्सील घेऊन, लक्षणीय स्थळी खुणा करीत त्यांनी वाचनास आरंभ केला.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ते थबकले. तेथून पुढे जाववेना. दीन आणि शोकाकुल यांना धन्य म्हणणारे, वैऱ्यावरही प्रेम करावयास सांगणारे ते प्रवचन. आकाशातील पाखरे आणि रानातील फुले दाखवून ते उद्याच्या चिंतेचे ओझे उतरवावयास सांगते. ज्याच्या गाठीला उद्याची कधीच तरतूद नसे आणि ज्याचे कविहृदय फुलांवर लुब्ध होते, त्या पुरुषाला हा उपदेश आपल्यालाच उद्देशून केल्यासारखा वाटला असल्यास नवल नाही. इ. स. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे चरित्रकाराची लेखणी जड होते. ज्या ग्रंथाने पतीला धीर दिला, त्याच ग्रंथापायी पत्नीच्या शिरावर आकाश कोसळले. पती जिवंत असता संसार मोडला. लहानग्या दत्ताला उराशी धरून लक्ष्मीबाईंनी आप्तांच्या आश्रयाने सुमारे चार-पाच वर्षे कंठिली; काही काळ त्यांचे वास्तव्य पंढरपुरासही होते. त्यांच्या अश्रूंचा हिशेब कोणत्या पंचांगात मांडावयाचा? वैऱ्यावर प्रेम करणे कठीण खरे. परंतु आपल्या निर्णयाने जे मनुष्य पोळले, त्याच्यावर बळजोरी न करता वाट पाहणे त्याहूनही कठीण. टिळकांच्या वाचनाची खरी कसोटी लागली ती येथे. लक्ष्मीबाई परतल्या, त्याही स्वधर्म सांभाळून, वेगळी चूल मांडून. पतीने त्यांच्या सोवळ्याचा मान राखला. पुढे त्यांच्या मनातील भेद त्यांच्याच विचाराने गळाले आणि इ. स. १९०० मध्ये त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगर, म्हणजेच आजचे अहिल्यानगर, ही टिळकांची कर्मभूमी झाली. त्यांनी धर्म बदलला. मातृभाषा आणि संतांची गोडी मात्र सोडली नाही. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. परदेशी सुरावटींची भाषांतरे ख्रिस्ती जनांच्या ओठी असता त्यांनी अभंग आणि भजने रचिली, कीर्तने केली, 'ज्ञानोदया'चे संपादन केले. इ. स. १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग करून ते सातारा येथे गेले. साठीच्या उंबरठ्याशी आलेल्या गृहस्थाने ठरलेले वेतन सोडणे, हे उद्याची चिंता न करण्याच्या त्या उपदेशाचे आचरणच नव्हे काय? ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपूर्ण राहिले. ते पुढे नेले कोणी? तर लक्ष्मीबाईंनी! ज्या ग्रंथाने एके काळी त्यांचे घरटे मोडले, त्याच ग्रंथातील कथा या माउलीने आपल्या वाणीने गाइली. 'स्मृतिचित्रे' या आत्मकथेत त्यांनी ते सारे दुःख लपविले नाही आणि कोणावर रागही धरला नाही. ग्रंथ पचला म्हणजे काय होते, याचे याहून बोलके प्रमाण कोणते द्यावे?

वाचकहो, टिळकांचा मार्ग प्रत्येकाचा नव्हे. त्यांच्या वाचनाची रीत मात्र प्रत्येकाला घेता येईल. आपापल्या देवघरात जो ग्रंथ वस्त्रात गुंडाळलेला आहे, तो आज सोडावा. एका दिवसात पारायण उरकण्याची घाई नको. शिसपेन्सील हाती घ्यावी, जेथे मन थबकेल तेथे खूण करावी आणि ती खूण वर्षभर आचरणात उतरते काय, हे पाहावे. पुढच्या पाडव्याला गुढी उभारताना आपले संवत्सरफल आपणच वाचू शकू.