सह्याद्रीतल्या सुगंधी ऑर्किडची जन्मकुंडली मांडणारे फादर सांतापाव

लोणी काळभोरपासून उरुळी कांचनपर्यंत सोलापूर रस्त्याने गेलात तर नर्सऱ्यांची कमी नाही. तिथून जांभळ्या किंवा पांढऱ्या फुलांचं ऑर्किड हौसेने घरी आणलेल्या माणसाच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, फुलं देखणी आहेत पण वास नाही. दोन, पहिला बहर गळाला तो गळालाच, वर्ष झालं तरी नवी दांडी नाही.

पहिल्या तक्रारीचं उत्तर सोपं आहे. बाजारातली बहुतेक ऑर्किड संकरित असतात. रंग, आकार आणि फूल किती दिवस टिकतं हे बघून ती निवडली जातात, वासाचा विचार त्यात शेवटी येतो. दुसऱ्या तक्रारीचं उत्तर कुंडीत सापडत नाही. ते झाड मुळात कुठे वाढतं आणि वर्षभर काय सोसतं, हे माहीत असावं लागतं. आपल्या सह्याद्रीतल्या ऑर्किडबद्दल ही माहिती ज्यांनी चिकाटीने गोळा केली, त्यात एक नाव फार मोठं आहे: फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव.

त्यांचा जन्म 5 डिसेंबर 1903 चा, स्पेनमधल्या तारागोना प्रांतातला. जेझुइट संघात दाखल झालेला हा तरुण 1928 मध्ये भारतात आला. पुढे लंडनमध्ये वनस्पतीशास्त्रात डॉक्टरेट केली, क्यूच्या जगप्रसिद्ध उद्यानात काम केलं आणि 1940 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवायला ते परत आले.

झेवियर्समध्ये एक परंपरा आधीच उभी होती. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस जेझुइट तिथेच काम करून गेले होते. वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा तिथला संग्रह आजही ब्लॅटर हर्बेरियम म्हणूनच ओळखला जातो. त्याच्याही आधी, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला होता. म्हणजे यादी होती. मग सांतापाव यांनी वेगळं काय केलं?

त्यांनी एक जागा पकडली आणि तिथे पुन्हा पुन्हा गेले. ती जागा म्हणजे खंडाळा. आपण वीकेंडला भजी खायला जातो तेच. एकदा जाऊन नमुने आणले तर झाडाचं नाव कळतं, पण त्याचं वर्ष कळत नाही. पानं कधी गळतात, कळी कधी धरते, फळ कधी पिकतं, हे कळायला ऊन, पाऊस, थंडी तिन्ही ऋतूंत तिथेच जावं लागतं. या पायपिटीतून 1953 मध्ये खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ आला आणि नंतर त्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. लोणीकरांना जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे त्यांनी पुरंदरचाही असाच अभ्यास केला. रामदऱ्याच्या डोंगरांपलीकडे, दिवे घाट ओलांडून गेल्यावरचा तोच पुरंदर. त्या किल्ल्याच्या वनस्पतींवर त्यांचं स्वतंत्र पुस्तक आहे.

ऑर्किडच्या बाबतीत तर प्रत्यक्ष जाऊन बघण्याला पर्यायच नाही. दाबून वाळवलं की फुलाचा रंग जातो, आकार चपटा होतो आणि वास तर उरतच नाही. ज्या बारीक अवयवांवरून जात ओळखायची, तेच कागदावर चुरगळतात. तरीही सांतापाव आणि त्यांचे सहकारी कपाडिया यांनी हे काम अंगावर घेतलं. आधी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला आली आणि 1966 मध्ये ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक निघालं.

आता कुंडीकडे परत येऊ.

आपल्याकडे सीतेची वेणी नावाचं ऑर्किड आहे. पांढऱ्या-गुलाबी फुलांचा लोंबता गजराच, मंद वासाचा. आसामात हेच फूल बिहूच्या नाचात बायका केसांत माळतात, ते त्या राज्याचं राज्यफूल आहे. सह्याद्रीत ते झाडांच्या फांद्यांवर वाढतं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी फुलतं. एरिडिस जातीची सुगंधी ऑर्किडही साधारण त्याच सुमाराला बहरतात. म्हणजे पावसात वाढ, मग कोरडी थंडी, मग कडक ऊन आणि त्यानंतर फूल. घरात आपण काय करतो? बारा महिने सारखं पाणी आणि हॉलचा सावलीतला कोपरा. झाड मरत नाही, पण फुलतही नाही.

या ऑर्किडची मुळं उघडी असतात. त्यांच्यावरचं पांढरट स्पंजासारखं आवरण पाणी झटकन शोषतं आणि मग त्याला वारा लागतो. म्हणून मातीची कुंडी नको. कोळसा, विटांचे तुकडे, झाडाची साल भरलेली टांगती टोपली बरी. दिवाळीनंतर पाणी कमी करायचं, पण उजेड भरपूर ठेवायचा. लोणीकरांनी मात्र खंडाळ्याची नक्कल आंधळेपणाने करू नये. तिथे वर्षाला 4000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुणे शहरात 700 च्या आसपास आणि पूर्वेकडे सरकावं तसा तो आणखी कमी होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत हिरवी शेडनेट आणि सकाळी पाण्याचा फवारा लागतोच.

दुसरं टोक बघा. पेक्टेलिस नावाचं मोठ्या पांढऱ्या फुलांचं ऑर्किड जमिनीत, कंदापासून वाढतं. ते भर पावसाळ्यात फुलतं आणि रात्री दरवळतं, कारण त्याचं गिऱ्हाईक म्हणजे पतंग. पाऊस सरला की पानं वाळून सगळं झाड दिसेनासं होतं. हे माहीत नसेल तर माणूस रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीत पाणी घालत राहतो आणि झोपलेला कंद कुजवतो. एक ऑर्किड फांदीवरचं, एक मातीतलं, दोघांना एकच नियम लावून कसं चालेल?

सांतापाव मात्र फक्त ऑर्किडमध्ये अडकून राहिले नाहीत. 1890 मध्ये स्थापन झालेलं भारतीय वनस्पती सर्वेक्षण खातं स्वातंत्र्याच्या आधीपासून मरगळलं होतं. 1954 मध्ये त्याची नव्याने उभारणी सुरू झाली तेव्हा सांतापाव मुख्य वनस्पतीशास्त्रज्ञ झाले, पुढे संचालक. देशभर विभागीय केंद्रं निघाली. त्यातलं पश्चिम विभागाचं केंद्र 1955 मध्ये पुण्यात आलं, ते आजही कोरेगाव पार्क भागात आहे. 1961 मध्ये पद सोडून ते मुंबईला परतले. 1967 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 13 जानेवारी 1970 रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांनी पाहिलेल्या खंडाळ्यात आज बंगले, हॉटेलं आणि द्रुतगती मार्ग आहे. गावाकडे अजूनही आंब्यावरचं ऑर्किड बांडगूळ समजून खरवडून टाकलं जातं. बांडगूळ झाडाचा रस पितं, ऑर्किड फक्त फांदीवर बसतं. पण हे सांगायला त्या वेळी आंब्याखाली कोण असतं? आणि एकदा गेलेलं ऑर्किड सहज परत येत नाही. त्याचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात स्वतःचा अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं आणि फुलायला पुढे कित्येक वर्षं लागतात. त्यामुळे रस्त्याकडेला कुणी फांदीसकट ओरबाडलेलं ऑर्किड विकत असेल तर ते घेऊ नका. प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली रोपं मिळतात, नर्सरीत तशी विचारून घ्या.

कुठलं ऑर्किड कुठे होतं आणि कोणत्या महिन्यात फुलत होतं, याचे सांतापाव यांनी गोळा केलेले नमुने झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जपून ठेवलेले आहेत. रंग उडालेले आहेत. ठिकाण आणि तारीख मात्र कागदावर तशीच आहे.