पोट न फाडता अपेंडिक्स काढलं, म्हणून या डॉक्टरांना निलंबित करा अशी मागणी झाली होती

आज तालुक्याच्या ठिकाणच्या हॉस्पिटलबाहेरही 'येथे दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केल्या जातील' असा बोर्ड दिसतो. अपेंडिक्स असो, पित्ताशयातले खडे असोत की गर्भाशयाची गाठ. पोटावर दोन-तीन छोटी छिद्रं पाडतात, आत कॅमेरा जातो आणि पेशंट दोन-चार दिवसांत घरी येतो.

पण एक प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. आत हातच जात नाही, तर डॉक्टर दोऱ्याला गाठ मारतात कशी?

हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर डोक्यात ठेवला, त्या माणसाचं नाव डॉ. कुर्ट सेम. आणि याच कामापायी त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना मेंदूची तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं.

सेम यांचा जन्म 1927 चा, जर्मनीतल्या म्युनिक शहरातला. डॉक्टर व्हायच्या आधी ते अवजारं बनवायचं काम शिकले होते. घरच्यांची वैद्यकीय उपकरणं बनवणारी कंपनीही होती. त्यामुळे एखादं हत्यार नीट चालत नसेल तर हा माणूस कुरकुर करत बसायचा नाही, नवीन बनवायला घ्यायचा.

पुढे ते म्युनिकमध्येच स्त्रीरोगतज्ज्ञ झाले. तेव्हा पोटात दुर्बीण घालायची पद्धत होती, पण ती मुख्यतः आत डोकावून बघण्यासाठी. त्यातही जोखीम होती. आतलं दिसावं म्हणून पोटात गॅस भरून ते फुगवावं लागतं. गॅस जास्त झाला तर पेशंटच्या जिवावर बेतू शकतं. सेम यांनी 1960 च्या दशकात गॅसचा दाब स्वतःहून सांभाळणारं यंत्र तयार केलं.

1970 मध्ये ते कील विद्यापीठात स्त्रीरोग विभागाचे प्रमुख झाले. तिथे त्यांनी दुर्बिणीतून नुसतं बघायचं नाही, तर ऑपरेशनच करायचं असा आग्रह धरला. ते ऐकून सहकारी हादरले. ज्याच्या मेंदूत बिघाड आहे असाच माणूस असलं काही करू शकतो, असं त्यांना वाटलं. म्हणून मेंदूच्या स्कॅनचा सल्ला देण्यात आला.

आता सहकाऱ्यांची बाजूही समजून घेऊ. त्यांची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती.

पोट उघडून ऑपरेशन करताना रक्तवाहिनी तुटली तर सर्जन ती बोटाने दाबून धरतो आणि पटकन दोरा बांधतो. गाठ किती घट्ट बसली हे बोटांना कळतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हातात लांबच लांब दांड्यासारखी हत्यारं असतात. ती छिद्रातून आत जातात, म्हणून हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं. खोलीचा अंदाज येत नाही. काटकोळ्यांनी बुटाची लेस बांधून बघा, मग लक्षात येईल.

आणि ही गाठ सुटली तर? आत रक्तस्राव सुरू होतो. अपेंडिक्सच्या बुडाशी मारलेली गाठ सुटली तर आतड्यातली घाण पोटात पसरते.

दुसरा मार्ग विजेने जाळून रक्त थांबवण्याचा होता. पण त्यात शेजारचं आतडं भाजल्याच्या घटना घडत होत्या. म्हणून सेम यांनी विजेचा प्रवाह शरीरात न सोडता, नुसत्या उष्णतेने रक्त थांबवणारं उपकरण बनवलं. तरीही मोठ्या वाहिनीला दोरा लागतोच.

इथे सेम यांच्या मदतीला एक जुनी युक्ती आली. टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी रोएडर नावाच्या डॉक्टरांनी एक सरकता फास वापरला होता. ओढला की आवळतो, पण मागे सरकत नाही. सेम यांनी विचार केला, गाठ आत मारणं अवघड आहे ना? मग ती बाहेरच मारून का नेऊ नये?

त्यांनी एक पोकळ नळी घेतली. तिच्यातून दोरा ओवला आणि टोकाला आधीच बांधलेला फास ठेवला. हा फास छिद्रातून आत सोडायचा, अपेंडिक्सवर टोपीसारखा चढवायचा, बाहेरून दोरा ओढायचा आणि त्याच वेळी नळीने गाठ पुढे ढकलायची. फास आवळला की उरलेला दोरा कापून टाकायचा. दोरा होता कॅटगटचा, म्हणजे जनावरांच्या आतड्यापासून बनवलेला. तो ओला झाला की फुगतो, त्यामुळे गाठ आणखी पक्की बसते.

थोडक्यात, पोटात गाठ मारायची गरजच संपली.

जिथे असा फास चढवता येत नाही तिथे टाके कसे घालायचे, याच्याही पद्धती त्यांनी बसवल्या. दोऱ्याची दोन्ही टोकं बाहेर आणून गाठ मारायची आणि दांड्याने आत सरकवायची, ही एक. दोन चिमट्यांनी आतच गाठ मारायची, ही दुसरी. शिकणाऱ्यांचा हात बसावा म्हणून त्यांनी सरावाचा एक डबाही तयार केला. आधी डब्यात, मग पेशंटवर.

सप्टेंबर 1980 मध्ये सेम यांनी कीलमध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं. पूर्णपणे दुर्बिणीतून झालेलं जगातलं हे पहिलं अपेंडिक्सचं ऑपरेशन मानलं जातं.

यावर कौतुक व्हायला हवं होतं. झालं उलटंच.

एकतर स्त्रीरोगतज्ज्ञाने सर्जनच्या हद्दीत पाऊल ठेवलं होतं. जर्मन सर्जन संघटनेच्या अध्यक्षांनी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेला पत्र लिहून सेम यांना निलंबित करण्याची मागणी केली. एका व्याख्यानात ते स्लाइड दाखवत असताना प्रोजेक्टरची वायरच काढण्यात आली. असली अनैतिक शस्त्रक्रिया इथे दाखवायची नाही, हे कारण. अमेरिकेतल्या एका नामांकित नियतकालिकाने त्यांचा लेखही याच कारणाने परत पाठवला. शेवटी तो 1983 मध्ये दुसरीकडे छापून आला.

सेम थांबले नाहीत. त्यांच्या कामातून प्रेरणा घेऊन 1985 मध्ये एरिक म्यूहे या जर्मन सर्जनने दुर्बिणीच्या पद्धतीने पित्ताशय काढलं. त्यांनाही आधी टीकाच झेलावी लागली. मग फ्रान्स आणि अमेरिकेतल्या सर्जन्सनी ही पद्धत उचलली आणि काही वर्षांतच ती जगभर पसरली. 1992 मध्ये त्याच जर्मन सर्जन संघटनेने म्यूहे यांचा सन्मान केला.

सेम 1995 पर्यंत कीलमध्ये होते. 2003 मध्ये अमेरिकेतल्या टूसॉन इथे त्यांचं निधन झालं.

दोरा पक्का करायचा शोध मात्र पुढे चालूच राहिला. आता तर गाठच न लागणारे दोरे आलेत. त्यांच्या अंगावर बारीक काटे असतात. रानातून फिरून आल्यावर कपड्यात घुसलेलं कुसळ आठवा, पुढे सरकतं पण मागे येत नाही. हा दोरा तसाच मांसात अडकून बसतो. आपल्याकडचं कुटुंब नियोजनाचं 'बिनटाक्याचं ऑपरेशन' घ्या. त्यात नळीला दोरा बांधतच नाहीत, दुर्बिणीतून रबरासारखी छोटी रिंग चढवतात.

सेम यांचा तयार फासही अजून निवृत्त झालेला नाही. आजही अनेक ऑपरेशन थिएटरमध्ये अपेंडिक्स काढताना तो वापरला जातो. पोटावरचा वीतभर व्रण ज्यांचा वाचला, त्यातल्या बहुतेकांना सेम हे नावही माहीत नसतं.